दूध, दही, केळं बंद केलं. बेडका तेवढाच राहिला, वजन मात्र घटलं

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका सुनेनं लिहिलं आहे. सासूबाई ६४ वर्षांच्या. विडी-सिगारेट कधी ओढली नाही, पण लग्न होऊन आल्यापासून स्वयंपाक चुलीवर, गॅस नंतर आला. दोन वर्षांपूर्वी दम लागू लागला, फुंकर मारायची तपासणी झाली आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, असल्याचं कळलं. श्वासातून औषध ओढायचा पंप चालू आहे. बेडका वाढू नये म्हणून घरच्यांनी एकेक करत दूध, दही, केळं, पेरू आणि तूप बंद केलं. अंडी उष्ण म्हणून थांबवली. आता सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पातळ आमटीत अर्धी भाकरी, रात्री मऊ भात आणि वरणाचं पाणी एवढंच पोटात जातं. आठ महिन्यांत वजन ४६ किलोवरून साडेचाळीसवर आलं. उंची १५२ सेंटिमीटर. बेडका होता तेवढाच आहे. नणंद फोनवरून प्रोटीन पावडर सुचवते, सासरे म्हणतात पथ्य अजून कडक हवं, डॉक्टर म्हणाले "पौष्टिक द्या." सासूबाई चार घासांत ताट सारतात, घरचे त्याला हट्टीपणा म्हणतात आणि त्यावरून रोज वाद होतो. सुनेचा प्रश्न: अजून काय बंद करू, आणि पावडर कोणती आणू?

ताई,

तुमच्या पत्रात बंद केलेल्या पदार्थांची यादी मोठी आहे. त्या बदल्यात ताटात काय आलं, याचा मात्र त्यात एक शब्दही नाही. अडचण तिथेच आहे. तरी आहाराचं बोलण्याआधी एक काम करा.

आठ महिन्यांत साडेपाच किलो म्हणजे वजनाचा आठवा भाग गेला. एवढी घट निव्वळ पथ्यामुळे झाली असेल, किंवा सीओपीडीमुळेही. पण जुनाट खोकला आणि उतरणारं वजन एकत्र दिसलं की आपल्याकडे आधी क्षय नाही ना, हे बघावं लागतं. सरकारी आरोग्य केंद्रात बेडक्याची तपासणी फुकट होते. सोबत छातीचा नवा एक्स-रे, रक्तातली साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा. मूत्रपिंडाचीही तपासणी करून घ्या, कारण पुढे मी प्रथिनं वाढवायला सांगणार आहे आणि मूत्रपिंड अधू असेल तर ते प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायला हवं. हे आठवडाभरात उरका. तोवर खाणं वाढवायला हरकत नाही.

आता बेडक्याचं. आयुर्वेदातला कफ हा दोष आहे आणि खोकल्यावाटे पडतो तो बेडका. दोन्हींना आपण कफच म्हणतो, आणि त्या एका शब्दापायी किती घरांतलं दूध बंद झालं असेल! सीओपीडीत बेडका तयार होतो तो श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तरात. वर्षानुवर्षं धूर लागून तिथल्या ग्रंथी फुगलेल्या असतात, म्हणून. गिळलेलं दूध अन्ननलिकेतून पोटात जातं, तिथे पचतं, त्याचा बेडका होत नाही. दूध प्यायल्यावर घशात दाट काहीतरी अडकल्यासारखं वाटतं हे मात्र खरं, कारण दूध लाळेत मिसळून थोडा वेळ घशाला लिपटून राहतं. १९९० साली ऑस्ट्रेलियात याची एक सरळसोट परीक्षा झाली. निरोगी लोकांना सर्दीच्या विषाणूची लागण करून ते रोज किती दूध पितात आणि शेंबूड किती येतो, हे मोजलं. दूध जास्त पिणाऱ्यांना शेंबूड जास्त आला नाही. दुधानं कफ होतो असं आधीपासून मानणाऱ्यांनी खोकला आणि चोंदल्याच्या तक्रारी मात्र जास्त सांगितल्या.

तेव्हा दूध सुरू करा, कोमट द्या, आणि वरून दोन घोट साधं कोमट पाणी प्यायला सांगा. घशातला तो थर निघून जातो. दही फ्रिजमधलं गार नको, ताजं लावलेलं आणि दुपारी द्या. केळ्याचंही तसंच. एखाद्याला एखादा पदार्थ खरोखर बाधू शकतो, ते मी नाकारत नाही. पण ते ठरवायची रीत आहे: तो एकच पदार्थ आठवडाभर द्या, पुढचा आठवडा बंद ठेवा, परत आठवडाभर द्या, आणि रोज सकाळी बेडका किती चमचे पडला ते लिहा. दोन्ही वेळा वाढला तर खुशाल बंद करा. पाच पदार्थ एकदम बंद केले तर कशानं काय झालं हे कधीच कळणार नाही, तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

दुसरं, त्या "हट्टीपणाबद्दल". सीओपीडीत हवा आत जाते पण पुरती बाहेर पडत नाही. फुप्फुसं फुगलेली राहतात आणि छाती-पोटामधला श्वासपटल हा मोठा स्नायू खाली दाबून सपाट होतो. अशात पोट भरलं की ते खालून वर रेटतं, श्वासपटलाला हलायला जागा उरत नाही. शिवाय गिळताना क्षणभर श्वास रोखावा लागतो. ज्याला एकेक श्वास मोलाचा, त्याला भाकरीचा घास चावणं आणि गिळणं हे जिना चढण्यासारखं होतं. चौथ्या घासाला ताट सारतात ते दम संपतो म्हणून. भूक मेलेली असेलच असं नाही, आणि हट्ट तर नाहीच.

आणि याच आजारात निव्वळ श्वास घेण्याच्या कामाला निरोगी माणसाच्या कित्येक पट ऊर्जा जाते. म्हणजे खर्च वाढलेला, खाण्याची ताकद कमी, वर आपण यादीतून पदार्थ कापलेले. शरीर मग स्नायू मोडून खातं, आणि त्यात श्वासाचे स्नायूही आले. सासूबाईंचं उंची-वजनाचं गुणोत्तर (बीएमआय) आज साडेसतरा आहे. सीओपीडीच्या रुग्णाची तब्येत जोखताना डॉक्टर जे निकष लावतात, त्यांत २१ किंवा त्याहून कमी गुणोत्तर हे जोखमीचं धरतात. सासूबाईंसाठी २१ म्हणजे साडेअठ्ठेचाळीस किलो. आज तिथे पोचायचं नाही, पण दिशा ती. ऐन चाळिशीतल्या जाड्या माणसाला सांगितलेलं "तेल-तूप कमी, हलकं खा" हे पथ्य त्यांना लावू नका.

मग हवं किती? प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ५० ते ६०. कॅलरी दीड हजारांच्या थोड्या वर. आज त्यांच्या पोटात याच्या निम्म्याच्या आसपासच जात असणार. हे तीन ताटांत बसणार नाही, म्हणून सहा लहान वाट्या करा.

सकाळी उठल्यावर पंप, चूळ, आणि वीसेक मिनिटांनी नाचणीची खीर: २ मोठे चमचे नाचणीचं पीठ, २०० मिली दूध, लिंबाएवढा नको, सुपारीएवढा गूळ, १ लहान चमचा तूप. नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियमही भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. स्टेरॉइडच्या गोळ्या अधूनमधून घ्याव्या लागणाऱ्या माणसाच्या हाडांना तो हवाच. साडेदहाला २ उकडलेली अंडी आणि एक लहान केळं. अंड्याचा वार नसेल त्या दिवशी ५० ग्रॅम पनीर कुस्करून. दुपारी एक लहान भाकरी, पण आमटीत किंवा दुधात पुरती भिजवून, आणि आमटी पळीवाढी नाही तर दाट: मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम डाळीची एक वाटी एकट्या त्यांच्यासाठी. भाजीवर एक मोठा चमचा शेंगदाण्याचं कूट आणि भाकरीवर तूप. चारला शेंगदाण्याचा कुटाचा लाडू. मऊ वळा, चिक्की नको, आणि कोरडा भुगा घशात जाऊन ठसका लागतो म्हणून सोबत दोन घोट दूध. सातला मुगाची खिचडी, तांदूळ आणि डाळ जवळपास समसमान, २ चमचे तूप, अर्धी वाटी दही. नऊला १५० मिली दुधात १ मोठा चमचा दूध पावडर. सगळं धरून १५०० ते १६०० कॅलरी आणि ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात.

एकदम उद्यापासून हे सगळं देऊ नका. इतके महिने अर्धपोटी राहिलेलं शरीर आहे. तीन-चार दिवसांनी एकेक वाटी वाढवा. आधी सकाळची खीर आणि रात्रीचं दूध, मग अंडी, मग बाकीचं.

वरणाचं पाणी मात्र आजच बंद करा. पाण्यानं पोट भरतं, आत काही जात नाही. तीच वाटी दाट वरणाची असेल तर सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. जेवताना पाणी घोटभरच. बाकीचे सहा-आठ पेले दोन जेवणांच्या मधे, कारण पाणी कमी पडलं तर बेडका चिकट होतो आणि खोकून निघत नाही. पायावर सूज असेल किंवा हृदयाचा त्रास सांगितला असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारा.

पदार्थांपेक्षाही जेवायच्या रीतीत सुधारायला जास्त वाव आहे, असं माझं मत. तुमच्याकडे बायका शेवटी जेवत असतील, बहुतेक घरांत तसंच असतं. दिवसभर थकून रात्री नऊला पाटावर मांडी घालून बसायचं, पुढे वाकायचं, पोट दाबलं जायचं, त्यात परकराची नाडी करकचून आवळलेली. यातली एकेक गोष्ट श्वासाच्या मुळावर येते. त्यांना खुर्चीवर बसवा, पुढे टेबल किंवा उंच स्टूल, दोन्ही कोपरं त्यावर टेकलेली. हात टेकले की खांद्याचे स्नायू श्वासाला मदत करायला मोकळे होतात. नाडी बोटभर सैल. आंघोळ, पूजा, झाडलोट यातलं काहीही केल्यावर अर्धा तास बसून मगच जेवण. डॉक्टरांनी लगेच दम मोकळा करणारा पंप दिला असेल तर जेवणाआधी तो कधी घ्यायचा ते त्यांनाच विचारून घ्या. घरी ऑक्सिजन लावला असेल आणि डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल, तर नाकातली नळी जेवताना काढायची नाही. फक्त पेटत्या चुलीपासून, गॅसपासून आणि निरांजनापासून चांगलं दूर बसायचं.

दोन घासांमधे चमचा खाली ठेवायचा. नाकानं मनात दोन आकडे मोजत श्वास आत, आणि गरम चहावर फुंकर मारावी तसे ओठ करून चार आकडे मोजत बाहेर. बोलणं घास संपल्यावर. ताट एकदम वाढू नका, भरलेलं ताट बघूनच छातीत भरतं. वाटी द्या, संपली तर परत.

तोंडाला चव नाही म्हणत असतील तर टॉर्च घेऊन जीभ बघा. पंपात स्टेरॉइड असेल आणि नंतर चूळ भरली नाही तर जिभेवर पांढरी बुरशी धरू शकते. प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकायची. पांढरे डाग दिसले तर औषध मिळतं. कवळी सैल झाली असेल, वजन उतरल्यावर ती होऊ शकते, तर भाकरी चावणार कशी, तेही बघा.

गॅस धरणारं काय ते घराघरात वेगळं. कोबी, वाल, हरभरा, कच्चा कांदा, सोड्याची बाटली हे नेहमीचे संशयित. डाळी बंद करायच्या नाहीत, भिजवून, हिंग-आलं घालून मऊ शिजवा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथताना जो दम लागतो तो या रुग्णांना फार जड जातो. पपई, पेरूचा मऊ गर (बिया काढून), शिजवलेल्या पालेभाज्या रोज हव्यात. मीठ दिवसाला सगळं मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. भाजी-आमटीतलं फार कापू नका, नाहीतर चवच जाईल. पापड, लोणचं, खारवलेली मासळी आणि फरसाण आवरा. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या थिओफायलिनच्या गोळ्या चालू असतील, डेरिफायलिन त्याच गटातली, तर चहा-कॉफी दोन लहान कपांवर ठेवा, नाहीतर छातीत धडधडतं.

इंटरनेटवर नणंदबाईंना कधीतरी सापडेल की पिठूळ पदार्थांनी शरीरात कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो, म्हणून भात-भाकरी सोडा. रसायनशास्त्र बरोबर आहे. स्निग्ध पदार्थ जळताना तो खरोखर कमी बनतो. पण अर्धी भाकरी खाणाऱ्या बाईला ते लागू करण्यात काही अर्थ नाही. एका बैठकीला ताटभर भात नको, एवढाच त्यातला उपयोगी भाग.

प्रोटीन पावडर आत्ता नको. डब्यावरच्या चमच्याचं प्रमाण, त्यातली प्रथिनं आणि साखर वाचा, आणि किमतीत किती अंडी, किती दूध येतं त्याचा हिशेब घाला. महिनाभर वरची खाणी नीट जाऊनही वजन हललं नाही, किंवा आजार उसळून घन अन्न जाईनासं झालं, तेव्हा डॉक्टर सांगतील ती आणा.

खाल्लेल्याचे स्नायू व्हायला हालचाल लागते, नाहीतर चरबीच वाढते. "दम लागतो, बसून राहा" हा सल्ला घरोघरी प्रेमानं दिला जातो आणि त्यानंच पाय आणखी लुळे पडतात. भिंतीला टेकलेली खुर्ची घ्या. हात न टेकता उठायचं, बसायचं, उठताना फुंकर. पाच वेळा, दोन मिनिटं विश्रांती, परत पाच. सकाळी आणि दुपारी, जेवणानंतर तासभर तरी सोडून. हळूहळू दहावर न्या. जोडीला अंगणात चालणं. दम लागावा, पण चार शब्दांचं वाक्य बोलता यावं, इतपतच. रक्तातला ऑक्सिजन मोजणारं, बोटाला लावायचं यंत्र असेल आणि त्यावरचा आकडा ८८ च्या खाली गेला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. जिल्ह्याच्या ठिकाणी श्वसन पुनर्वसनाचा वर्ग असेल तर तिथे घाला. साधारण सहा-आठ आठवड्यांचा असतो आणि त्यानं चालण्याची ताकद वाढते हे पक्कं ठाऊक झालेलं आहे.

आता एक प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही. गॅस आला असं तुम्ही लिहिता, मग आंघोळीचं पाणी कशावर तापतं? उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, सिलिंडर घरोघरी गेले, पण पाणी, जनावरांचं खाद्य आणि "चवीची" भाकरी कितीतरी ठिकाणी अजून चुलीवरच. घरात धूर चालू असेल तर तुमची खीर आणि अंडी अर्धी वाया. चूल घराच्या दारा-खिडकीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला न्या, आणि तिथे सासूबाई नकोत. डासांची कॉइल बंद, मच्छरदाणी लावा. अगरबत्ती त्यांच्या खोलीत नको. मिरचीच्या फोडणीच्या वेळी त्यांना ओट्यापासून लांब बसवा. आणि मशेरी! विडी कधी ओढली नाही म्हणणाऱ्या घरात मशेरी भाजली जाते का, हे विचारायचंच राहून जातं. ती भाजतानाचा धूर तंबाखूचाच असतो, आणि ती लावणंही तंबाखूच.

सोमवारचा उपास मोडायला सांगितला तर त्या ऐकणार नाहीत, म्हणून मोडू नका. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, तेव्हा खिचडीत साबुदाण्याच्या निम्मं दाण्याचं कूट घाला, दूध, दही, केळं आणि राजगिऱ्याची खीर द्या. निर्जळी मात्र नाही.

हे सगळं बारीक झालेल्या रुग्णाचं झालं. ज्यांच्या घरी रुग्णाचं पोट सुटलेलं आहे, स्टेरॉइडनं साखर चढली आहे, त्यांनी तूप, गूळ आणि दूध पावडर वगळून अंडी, डाळ, दही, भाज्या तशाच ठेवाव्यात. उपाशी राहून वजन उतरवू नये. आधी स्नायूच जातात.

बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, दम किंवा बेडका नेहमीपेक्षा वाढला, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. त्या दिवसांत दर दोन तासांनी चार-पाच चमचे खीर किंवा खिचडी, भूक असो वा नसो. ओठ निळसर, वाक्य पुरं न होणं, गुंगी किंवा बरळणं दिसलं तर जेवणाचा विचार सोडून थेट दवाखाना. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस, दोन्हींबद्दल पुढच्या भेटीत विचारा.

एक वही करा. दर सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. शेजारी त्या आठवड्यात किती वाट्या गेल्या आणि बेडका किती. महिन्याला अर्धा ते एक किलो वाढलं तर चांगलं चाललंय. दोन-तीन दिवसांतच दीड किलो वाढलं आणि घोट्यावर बोट दाबून खड्डा पडला, तर ते पाणी आहे, लगेच दाखवा. सासऱ्यांशी दुधावरून वाद घालू नका. वहीतल्या बेडक्याच्या रकान्यावर सही करायचं काम त्यांनाच द्या.